गैरहजेरीची साक्ष

हिमालयाच्या पायथ्याशी, कांगड्यापासून गोरखपूर-चंपारणपर्यंतच्या पट्ट्यात, ज्या मराठी मंडळींनी नोकरीनिमित्त काही वर्षे काढली आहेत, त्यांच्यापैकी वडीलधाऱ्यांस गळ्याशी मोठी गाठ लोंबत असलेली माणसे पाहिल्याचे आठवत असेल. उत्तरेकडील लोक या विकारास घेंघा म्हणतात. आपल्याकडे गलगंड हा संस्कृत शब्दच रूढ आहे. तो शब्द फार जुना. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांना वाहिलेला आहे. चारही विकार बाहेरून पाहता गाठीच. परंतु त्यांतील कोणती गाठ पिकते, कोणती पिकत नाही, कोणती खोलवर मूळ धरून सावकाश वाढत जाते, असा विवेक त्या ग्रंथकाराने केलेला आहे. सर्वच गाठी सारख्या नसतात आणि वैद्याचे पहिले कर्तव्य त्या वेगळ्या ओळखणे हे होय, ही जाणीव त्या अध्यायाच्या मुळाशी आहे.

आम्ही वैद्य नव्हे. कागदपत्रांची छाननी हा आमचा पोटापाण्याचा व्यवसाय. तथापि ‘ही गाठ कोणत्या जातीची?’ या एका प्रश्नाचा गेल्या दोनशे वर्षांतील प्रवास वाचीत असता असे आढळून आले की, त्यात रसायनशास्त्र आहे, शस्त्रक्रिया आहे, मिठाचा कायदा आहे, आणि शंकेची किंमत कोणी द्यावयाची हा मोठा मानवी प्रश्नही आहे. त्या प्रवासातील एक विशेष टप्पा म्हणजे गाठीतील पेशींत एक विशिष्ट विकर, ज्याला प्रयोगशाळेत एन्झाइम म्हणतात, आहे की नाही हे पाहून कर्करोगाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न. तो टप्पा नीट समजावा म्हणून आरंभ थोडा मागून करणे भाग आहे.

गळ्याच्या पुढल्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी दोन पंख पसरून बसलेली जी ग्रंथी आहे, तिला परिभाषेत अवटू ग्रंथी व व्यवहारात थायरॉइड म्हणतात. ढालीवरून घेतलेले हे नाव टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये रूढ केले. तिचे कार्य काय हे मात्र व्हार्टनलाही ठाऊक नव्हते आणि त्याच्यानंतर दोनशे वर्षे कोणासही नव्हते. युरोपात गलगंडावर जाळलेल्या स्पंजाची राख देण्याचा रिवाज होता. १८११ मध्ये बर्नार कूर्त्वा हा फ्रेंच गृहस्थ समुद्रशैवालाच्या राखेपासून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करण्याच्या खटपटीत होता. त्या राखेतून त्याला जांभळी वाफ देणारे एक नवे मूलद्रव्य मिळाले. तेच आयोडीन. स्पंजही समुद्रातला आणि शैवालही समुद्रातले; हा धागा पकडून जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्याने १८२० मध्ये गलगंडाच्या रोग्यांस आयोडीन देऊन पाहिले व अनेकांच्या गाठी उतरल्याचे नमूद केले. पुढे १८९५ मध्ये बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञास खुद्द थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन सापडले. शरीरातील एका छोट्याशा ग्रंथीने समुद्रातील द्रव्य साठवून ठेवावे, याचे त्या काळी सर्वांना आश्चर्य वाटले.

आपल्या देशात हा विषय शिरला तो सरहद्दीवरून. रॉबर्ट मॅककॅरिसन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिट येथे होता. एकाच प्रवाहाचे पाणी पिणाऱ्या, एकाखाली एक वसलेल्या खेड्यांत पाणी जसजसे खाली जाते तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढते, असे त्याला दिसले. त्याने दोष पाण्यातील अशुद्धतेला दिला आणि त्या पाण्यातील गाळ स्वतः घेऊनही पाहिला. निरीक्षण चोख होते, परंतु कारण अपुरे होते. कारणाचा निर्णायक पुरावा कांगड्याच्या खोऱ्यात मिळाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे एक प्रयोग चालविला. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरविले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड स्पष्टपणे ओसरला. साध्या मिठाच्या विभागात तसे घडले नाही. १९६१ मध्ये हिमालयातील गलगंडाच्या कारणांवर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर रामलिंगस्वामी, सुब्रह्मण्यम् आणि एम. जी. देव अशी तीन नावे आहेत. यांतील देव हे पुढे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. गलगंडापासून कर्करोगापर्यंतचा जो प्रवास आम्ही येथे सांगत आहोत, तो अशा रीतीने एकाच माणसाच्या आयुष्यातही घडला. १९६२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, १९९२ मध्ये त्याचे नाव अधिक व्यापक केले, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई झाली. आज आपण ज्या पिशवीतील मीठ चिमटीने घेतो, तिच्यामागे कांगड्याच्या लोकांनी काही वर्षे नियमाने खाल्लेले मीठ आहे.

मिठाने गलगंड हटला. पण गाठीचा प्रश्न संपला नाही. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या माणसाच्या गळ्यातही एखादी सुटी गाठ उद्भवते. स्त्रियांत ती अधिक आढळते आणि वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते. सोनोग्राफीने शोधू गेल्यास उतारवयातील जवळजवळ निम्म्या लोकांत लहानमोठ्या गाठी दिसतात. या गाठींपैकी शंभरांत सुमारे पाच ते दहा कर्करोगाच्या निघतात. उरलेल्या नव्वदांहून अधिक निरुपद्रवी असतात. तेव्हा प्रश्न असा : ते पाच-दहा कसे ओळखावयाचे, आणि ते ओळखण्यासाठी नव्वदांच्या गळ्यावर शस्त्र धरावयाचे काय?

शस्त्र धरण्यातील धोका कोणास सर्वांत आधी व सर्वांत तीव्रतेने जाणवला असेल, तर तो स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातील थिओडोर कोखर या शल्यविशारदास. त्याच्यापूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्रावाने मृत्यूला आमंत्रण असे मानीत. कोखरने आपल्या सावध व नेटक्या हाताने मृत्यूचे प्रमाण अखेरीस शेकडा एकाहूनही खाली आणले. परंतु ज्यांची संपूर्ण ग्रंथी आपण काढून टाकली, त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी त्याने जुन्या रोग्यांस परत बोलाविले, तेव्हा त्यांतील अनेकजण सुजलेले, मंद झालेले, थंडीने गारठलेले आढळले. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढ खुंटली होती. १८८३ मध्ये कोखरने ही हकीकत शल्यविशारदांच्या परिषदेत उघडपणे मांडली आणि सौम्य गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याचे सोडून दिले. आपल्या यशस्वी शस्त्रक्रियांचे वाईट परिणाम स्वतःच शोधून जगापुढे ठेवणे ही गोष्ट सोपी नव्हे. १९०९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १८९१ मध्ये जॉर्ज मरी या इंग्रज डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा रोग्यास बरे केले होते. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते आणि त्यावाचून शरीराची गती मंदावते, हे यावरून सिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे थायरॉक्सीन हे संप्रेरक. अमेरिकेत केंडॉलने १९१४ च्या नाताळच्या दिवशी ते स्फटिकरूपात वेगळे केले व १९२६ मध्ये हॅरिंग्टनने इंग्लंडात त्याची रचना उलगडली.

आज त्या संप्रेरकाची गोळी सर्वत्र मिळते. म्हणून संपूर्ण ग्रंथी काढली तरी कोखरच्या रोग्यांसारखी दुर्दशा होत नाही. पण रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची ती गोळी आयुष्यभर सुटत नाही. स्वरयंत्राकडे जाणारी बारीक नस दुखावल्यास आवाज बसतो. थायरॉइडच्या पाठीशी असलेल्या चार चिमुकल्या ग्रंथी निघून गेल्यास रक्तातील कॅल्शियम ढळते. कर्करोगापासून सुटका व्हावयाची असेल तर ही किंमत कोणीही आनंदाने देईल. ती निष्पाप गाठीसाठी द्यावी लागणे हा अन्याय होय.

म्हणून शस्त्राआधी निदान पाहिजे. प्रथम किरणोत्सर्गी आयोडीनने आशा दाखविली. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ याने १९४१ मध्ये ते रोग्यास उपचार म्हणून दिले. पुढे दशकभराने ग्रंथीचा नकाशा काढणारे यंत्र आले. गाठ आयोडीन ओढून घेत असेल तर ती नकाशात ‘उष्ण’ दिसते, न घेत असेल तर ‘शीत’. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि आपल्याकडेही या विद्येची सोय झाली. उष्ण गाठ बहुधा कर्करोगाची नसते, हे खरे. परंतु बहुसंख्य गाठी शीत असतात व त्या शीत गाठींपैकी बहुसंख्य पुन्हा सौम्यच असतात. थोडक्यात, या परीक्षेने काही थोड्या निर्दोषांस सोडविले; संशयितांची रांग मात्र फारशी आखूड झाली नाही.

नंतर सुई आली. बारीक सुईने गाठीतील काही पेशी ओढून काढावयाच्या आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या, ही पद्धत स्टॉकहोमच्या करोलिन्स्का येथील वैद्यांनी १९५० नंतरच्या दोन दशकांत पूर्णत्वास नेली. हिच्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया खरोखरच घटल्या आणि आजही थायरॉइडच्या निदानात तिचे स्थान पहिले आहे. पण सुईलाही एक मर्यादा आहे, आणि ती मनुष्याच्या कौशल्याची नसून रोगाच्या स्वरूपाची आहे. थायरॉइडच्या एका प्रकारच्या कर्करोगात, ज्यास फॉलिक्युलर म्हणतात, पेशी दिसावयास सौम्य गाठीतील पेशींसारख्याच असतात. फरक इतकाच की कर्करोगाच्या पेशी गाठीभोवतालचे वेष्टण भेदून किंवा रक्तवाहिनीत शिरून बाहेर पडतात. सुई पेशी आणते, वेष्टण आणीत नाही. तटबंदी फुटली आहे काय हे किल्ल्यातील चार शिपायांचे चेहरे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी किल्लाच पाहावा लागतो, म्हणजे गाठ काढावी लागते. अशा ‘अनिश्चित’ शेऱ्याच्या रोग्यांपैकी बहुतेकांची गाठ काढल्यावर सौम्य निघे.

येथेच आमचा मुख्य विषय येतो. पेशींचा चेहरा सारखा असला, तरी त्यांचे काम सारखे असते काय? चेहऱ्याऐवजी कामाची चौकशी केली तर?

शरीरातील एखाद्या रासायनिक द्रव्यावरून कर्करोग ओळखण्याची कल्पना नवी नव्हती. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स याने १८४७-४८ मध्येच एका हाडांच्या रोग्याच्या लघवीत एक चमत्कारिक प्रथिन पाहिले होते. ते मज्जेतील कर्करोगाचे लक्षण होते. विकराच्या बाबतीत पहिला मान न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याकडे जातो. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात ॲसिड फॉस्फटेज हे विकर रक्तात वाढते, असे त्यांनी १९३८ मध्ये दाखविले. चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये त्याच विकराच्या चढउतारावरून आपल्या उपचाराचा परिणाम मोजला व १९६६ मध्ये तो नोबेलचा मानकरी झाला. या सर्व उदाहरणांत एक साम्य आहे : रोग असेल तर द्रव्य वाढते. रोग म्हणजे आधिक्य, ही समजूत त्यामुळे दृढ झाली होती.

थायरॉइडची गोष्ट उलट्या दिशेने गेली. या ग्रंथीतील पेशींपाशी थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. रक्तातून ओढलेले आयोडीन मोठ्या प्रथिनावर जोडावयाचे आणि तसे दोन आयोडीनयुक्त घटक एकमेकांशी सांधून संप्रेरक सिद्ध करावयाचे, ही दोन्ही कामे तेच करते. ते नसेल तर आयोडीन आले काय आणि गेले काय, सारखेच. कारखान्यात कच्चा माल येऊन पडला आहे, पण मुख्य कारागीर नाही, अशी ती अवस्था.

हे विकर वैद्यांच्या दृष्टीस आधी दुसऱ्याच नावाने पडले होते. जपानच्या हाशिमोतो या शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये थायरॉइडच्या एका विशिष्ट दाहाचे वर्णन केले होते. १९५६ मध्ये लंडनच्या रॉइट, डोनियाक प्रभृतींनी या रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे दाखविले. लगोलग आणखी एका प्रतिपिंडाचा शोध लागला. परंतु ते पेशीतील नेमक्या कोणत्या घटकावर चालून जाते हे कळेना. त्या अज्ञात घटकास ‘मायक्रोसोमल’ असे कामचलाऊ नाव देऊन जवळजवळ तीस वर्षे काम भागविण्यात आले. १९८५ च्या सुमारास मार्सेय येथील कारेयाँ व लिसित्स्की यांच्या गटाने आणि अन्यत्रही काही संशोधकांनी ते अज्ञात द्रव्य म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेजच होय हे सिद्ध केले. दोन वर्षांत त्याची जनुकीय मांडणीही वाचली गेली. एकाच इसमाची दोन नावांनी दोन दप्तरांत नोंद असावी आणि वर्षानुवर्षांनी कोणा कारकुनाने दोन्ही नस्त्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात, तशातला हा प्रकार. आम्हांस त्याचे कौतुक वाटते ते व्यवसायबंधुत्वामुळेही असेल!

याच मार्सेयमध्ये पुढचे पाऊल पडले. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकजिनसी प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधून काढली होती. तिच्या साहाय्याने थायरॉइड पेरॉक्सिडेज ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली. त्यांतील क्रमांक ४७ चे प्रतिपिंड विशेष उपयुक्त ठरले. द मिको व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थायरॉइडच्या निरनिराळ्या गाठींवर लावून पाहिले. १९९१ मध्ये काढलेल्या गाठींच्या छेदांवरील निष्कर्ष आणि १९९४ मध्ये सुईने घेतलेल्या पेशींवरील निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले. निरोगी व सौम्य गाठींतील बहुतेक सर्व पेशी रंग घेत. कर्करोगी गाठींत मात्र फार थोड्या पेशी रंगत, किंवा एकही रंगत नसे. शंभरांत ऐंशी किंवा अधिक पेशी रंगल्या तर गाठ सौम्य समजावी, त्याहून कमी रंगल्या तर संशय घ्यावा, असे गमक त्यांनी ठरविले.

अशा प्रकारे येथे साक्ष मिळाली ती उपस्थितीची नव्हे, गैरहजेरीची. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. पेशी कर्करोगाच्या मार्गाला लागली म्हणजे ती आपले ठरलेले काम विसरू लागते. विभागणे आणि वाढणे हाच तिचा उद्योग होऊन बसतो. संप्रेरक घडविणारे विकर एकतर फार थोडे बनते, किंवा त्याचे रूप असे पालटते की प्रतिपिंडास ते ओळखता येत नाही. चेहरा अद्याप तोच आहे, पण हातातील हत्यार खाली ठेवलेले आहे. पूर्वी नकाशात शीत गाठी का दिसत, यावरही या शोधाने थोडा प्रकाश पडला.

परंतु गैरहजेरीवरून निष्कर्ष काढणे किती जोखमीचे, हे हजेरीपट सांभाळणाऱ्यांस सांगावयास नको. गैरहजर असलेला प्रत्येक इसम अपराधी नसतो. काही सौम्य गाठीही, विशेषतः ज्यांच्या पेशी फुगीर व कणीदार होतात त्या, हे विकर नीट बाळगीत नाहीत व नाहक संशयात सापडतात. म्हणून संशोधकांनी दुसऱ्या बाजूने साक्षीदार शोधले. जपानमध्ये डायपेप्टिडिल पेप्टिडेज चार या विकराचा अभ्यास झाला. ते निरोगी थायरॉइड पेशींत जवळजवळ नसते आणि कर्करोगात प्रकट होते. सुईने घेतलेल्या पेशींवर त्याची परीक्षा करण्याची पद्धत १९९१ मध्ये मांडली गेली. एक विकर नाहीसे होते, दुसरे नव्याने उगवते. दोहोंची साक्ष जुळली तर बळकटी येते. आणखी काहींनी टेलोमरेजकडे पाहिले. पेशींना अमर्याद विभागणी शक्य करणारे हे विकर ग्रायडर व ब्लॅकबर्न यांना १९८४ मध्ये सापडले होते आणि १९९४ मध्ये ते बहुसंख्य कर्करोगांत क्रियाशील असल्याचे दिसून आले होते. थायरॉइडमध्ये मात्र त्याने घोटाळा केला. हाशिमोतोच्या दाहात ग्रंथीत शिरलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपाशीही ते असते. त्यामुळे कर्करोग नसताही परीक्षेत तेच विकर दिसे. घरात चोर शिरला की पाहुणा आला हे पावलांच्या संख्येवरून ठरविण्यासारखेच ते होय.

या परीक्षांचे खरे मोल कशात आहे हे पाहण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, एक हजार गाठी आहेत व त्यांतील पन्नास कर्करोगाच्या आहेत. परीक्षा अशी आहे की ती कर्करोगाच्या शंभर गाठींतील शहाण्णव पकडते आणि सौम्य शंभरांतील ऐंशींना निर्दोष ठरविते. म्हणजे पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस सापडल्या; दोन सुटल्या. साडेनऊशे सौम्य गाठींपैकी सातशे साठ निर्दोष ठरल्या; एकशे नव्वद नाहक संशयित झाल्या. संशयितांची एकूण संख्या झाली दोनशे अडतीस, आणि त्यांत खरे अपराधी अठ्ठेचाळीस, म्हणजे पाचांत एक. एवढ्या चांगल्या परीक्षेनेही ‘तुला कर्करोग आहे’ असे कोणासही सांगता येत नाही! परंतु जे सातशे बासष्ट सुटले, त्यांत अपराधी केवळ दोन. ‘तुला बहुधा काही नाही, घरी जा आणि सहा महिन्यांनी ये’ हे वाक्य मात्र ती पुष्कळ भरवशाने उच्चारू शकते. आमच्या मते या साऱ्या विकर-परीक्षांच्या इतिहासाचे सार या हिशेबात आहे. लोक त्यांच्याकडे आरोप सिद्ध करण्याचे साधन म्हणून पाहत राहिले. त्यांचे खरे सामर्थ्य निर्दोषांना मुक्त करण्यात होते.

पुढे दृष्टी विकरावरून जनुकाकडे वळली. २००३ मध्ये थायरॉइडच्या पॅपिलरी नावाच्या कर्करोगात बी-राफ जनुकातील एक ठरावीक बिघाड वारंवार आढळू लागला. हे जनुक जे प्रथिन घडविते तेही एक विकरच आहे. फक्त येथे ते गैरहजर नसून, कळ दाबलेलीच राहिल्याप्रमाणे अखंड चालू असते. २००७ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुईच्या अहवालासाठी सहा वर्ग ठरविले आणि प्रत्येक वर्गासोबत कर्करोगाचा संभव किती हेही नोंदविण्याची शिस्त घातली. पूर्वी वैद्य ‘संशयास्पद’ एवढाच शेरा मारीत. आता संशयाचे माप देणे आवश्यक झाले. तरीही तिसरा व चौथा वर्ग अनिश्चितच राहिले आहेत.

याच सुमारास एक वेगळा धडा मिळाला. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने निरोगी लोकांचे गळे सरसकट तपासण्याची प्रथा पडली. २०११ मध्ये तेथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र बदलले नाही! जे कर्करोग सापडत होते ते बहुधा जन्मभर मुकाट राहिले असते. फिनलंडमध्ये १९८५ मध्ये अन्य कारणांनी मरण पावलेल्या शंभरएक व्यक्तींच्या थायरॉइडचे बारकाईने छेद घेतले, तेव्हा तिघांत एकाच्या ग्रंथीत अशी सूक्ष्म कर्करोगाची बीजे आढळली होती. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अगदी लहान कर्करोग न कापता केवळ लक्ष ठेवण्याचा मार्ग स्वीकारला व तो बहुतांशी सुरक्षित ठरला. अखेर २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने वेष्टण न भेदणाऱ्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकला. अशा एकशे नऊ रोग्यांची दहा ते सव्वीस वर्षांची हकीकत त्यांनी तपासली होती. एकाचाही रोग उलटला नव्हता. वर्षानुवर्षे ज्यांना कर्करोगी म्हटले, ते कर्करोगी नव्हतेच असे जाहीर करण्यास धैर्य लागते. कोखरने १८८३ मध्ये दाखविलेल्या धैर्याचाच तो वारसा होय.

आमच्या सरकारी वसाहतीतील एका सहकाऱ्याच्या पत्नीच्या गळ्यात काही वर्षांपूर्वी अशी गाठ निघाली. अहवालात तिसऱ्या वर्गाचा शेरा होता. सासरचे म्हणाले, काढून टाका; माहेरचे म्हणाले, पुण्याला आणा; शेजाऱ्यांनी तर औषधांची यादीच दिली. परगावी राहणाऱ्या आपणा लोकांच्या आजारपणात सल्ला देणारे पुष्कळ आणि रात्री जवळ बसणारे थोडे, हा अनुभव बहुतेकांचा आहे. त्या बाईंनी मात्र डॉक्टरांस एवढेच विचारले, ‘शंभर जणींना असा शेरा मिळाला, तर त्यांतल्या किती जणींना खरोखर काही निघते?’ डॉक्टरांनी आकडा सांगितला, थांबण्यातील धोका सांगितला आणि काही महिन्यांनी पुन्हा सुई लावण्याचे ठरले. दुसऱ्या वेळी शेरा सौम्य आला. गाठ अजून आहे. दरवर्षी ती मोजली जाते आणि बाई आपले संसाराचे काम करीत असतात.

त्या बाईंचा प्रश्न हाच या इतिहासातला सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. थायरॉइड पेरॉक्सिडेजची परीक्षा आज घरोघरच्या निदानात रूढ झालेली नाही. तिची जागा अन्य परीक्षांनी घेतली आहे आणि त्यांचीही जागा उद्या दुसऱ्या घेतील. परंतु पेशीचा चेहरा पाहून थांबू नये, तिचे काम विचारावे. आणि उत्तर मिळाल्यावरही ते किती भरवशाचे आहे हे आकड्यांत सांगावे, ही शिस्त या प्रयत्नांनी वैद्यकास लाविली. मोठी गाठ, आवाजात झालेला बदल, गिळताना होणारा त्रास, झपाट्याने होणारी वाढ, या गोष्टींकडे दुर्लक्ष करणे अर्थातच घातक. तेथे विलंब करू नये. मात्र जेथे केवळ शंका आहे, तेथे शंकेचे माप मागणे हा रोग्याचा हक्क आहे आणि ते देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा अहवाल आला, तर त्यांनी घाबरून जाण्यापूर्वी शेऱ्याखालचा वर्ग कोणता आहे तेवढे वाचावे, आणि मग तो एक प्रश्न निःसंकोच विचारावा.